असीरगडाची किल्ली आणि अंतराळातले भाडोत्री

विज्ञानकथेच्या दुनियेत भाडोत्री लढवय्यांची वस्ती जुनी आहे आणि चांगली नांदतीही आहे. गॉर्डन डिक्सनची ‘डोर्साय!’ १९५९ साली आली. तिच्यातल्या एका ग्रहाकडे विकण्याजोगा माल एकच, तो म्हणजे शिपाई. जेरी पूर्नेलची ‘द मर्सिनरी’ १९७७ची. व्हिएतनामच्या लढाईतून परतलेल्या डेव्हिड ड्रेकच्या ‘हॅमर्स स्लॅमर्स’चा पहिला संग्रह १९७९चा. पुढच्या दशकात ‘बॅटलटेक’ हा खेळ आला. त्यात पाच घराणी अवकाशाच्या गादीसाठी भांडतात आणि भाडोत्री पलटणी आज या घराण्याच्या, तर उद्या त्या घराण्याच्या चाकरीत असतात. सिनेमावाल्यांनी १९८०च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये बक्षिसासाठी शिकार करणाऱ्यांची रांगच उभी केली आणि २०१९मध्ये त्याच रांगेतून ‘द मँडलोरियन’ ही मालिका काढली.

या सगळ्या कथांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. एकाच धंद्यातले दोन प्रतिस्पर्धी एका मालकाच्या छावणीत आले, किंवा दोन मालकांनी तात्पुरता हात मिळवला म्हणून शेजारी तंबू ठोकून बसले, तर ती सोयरीक किती दिवस टिकते आणि मोडते तेव्हा कशापायी मोडते? लेखक मंडळी याची उत्तरं बहुधा स्वभावात शोधतात. कोणी लोभी असतो, कोणी सूडाने पेटलेला, कोणाच्या मनात उशिरा माणुसकी जागी होते. माझं मत निराळं आहे. हा प्रश्न खरा कसा सुटतो हे पाहायचं तर दूरच्या तारकामंडळात जायची गरज नाही. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसावं आणि बुऱ्हाणपूरला उतरावं.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, २००३पासून स्वतंत्र जिल्हा आहे. यंत्रमाग, केळी, तापीकाठचा शाही किल्ला ही त्याची आजची ओळख. पण गावाचं जुनं महत्त्व उत्तरेला वीसेक किलोमीटरवर उभ्या असलेल्या असीरगडात आहे. सातपुड्यातून दक्षिणेत उतरणारी वाट या गडाच्या नजरेखालून जाते, म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. उत्तरेची फौज इथूनच खाली यायची आणि दक्षिणेची इथूनच वर जायची. फौजेला दाणावैरण लागते, कापड लागतं, उधारी लागते, आणि हे तिन्ही बुऱ्हाणपुरात मिळे. विणकर होते, जरीवाले होते, हुंडी वटवणाऱ्या पेढ्या होत्या. जिथे फौजा थांबतात आणि पैसा फिरतो तिथे तलवारीचा बाजार भरणारच.

या बाजाराची पहिली ठसठशीत गोष्ट फारुकींची. खानदेशच्या या छोट्या राज्याचं सगळं धोरण दोन मोठ्या शेजाऱ्यांमध्ये झुलत राहण्याचं होतं. राजा अलीखान फारुकी मोगलांच्या बाजूने अहमदनगरकरांशी लढताना १५९७मध्ये रणात पडला. त्या दिवशीच्या गोंधळात मोगलांना वाटलं, हा शत्रूला मिळाला, आणि त्यांनी त्याचाच तळ लुटला. प्रेत सापडलं तेव्हा खरं कळलं. विज्ञानकथाकाराने हा प्रसंग रचला असता तर संपादकाने ‘फार ओढून ताणून’ म्हणून परत पाठवला असता.

त्याचा मुलगा बहादूर याने मोगलांशी फटकून वागायला सुरुवात केली आणि अकबर स्वतः बुऱ्हाणपुरात येऊन बसला. असीरगडाचा वेढा रेंगाळला. आत हबशी सरदार होते, आणि जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतानुसार तोफांवर सात पोर्तुगीजही होते. बाहेर अकबराने छावणीतल्या झेवियर पाद्र्याकडे पोर्तुगीजांच्याच तोफा मागितल्या आणि त्याने नकार दिला. जानेवारी १६०१मध्ये गड पडला. अबुल फझल म्हणतो की आत रोगराई पसरली होती. पाद्री म्हणतात की सोनं-रुपं वाटून सरदार फोडले. दोन्ही खरं असू शकतं. पण पुढच्या दोनशे वर्षांत या गडाचं काय झालं ते पाहिलं की माझा कौल पाद्र्यांकडे झुकतो.

१७२०मध्ये निजामउल्मुल्क दिल्लीच्या सय्यद बंधूंविरुद्ध उठून नर्मदा उतरला, तेव्हा असीरगडाच्या शिबंदीचा पगार थकलेला होता. निजामाने थकबाकी भागवली आणि वेढा न घालता गड हाती आला. बुऱ्हाणपूरही पाठोपाठ त्याचं झालं. १८०३च्या ऑक्टोबरमध्ये, असईच्या लढाईनंतर महिन्याभरात, इंग्रजांचा कर्नल स्टीव्हन्सन बुऱ्हाणपूर घेऊन गडाखाली आला. थोडी तोफांची फैर झाली आणि गड खाली झाला. करारात शिबंदीच्या थकलेल्या पगाराचं कलम होतंच. असीरगड अजिंक्य होता, हे खरं आहे. फक्त त्याची किल्ली आतल्या माणसांच्या थकबाकीत होती.

मालकच आपापसात भाडोत्र्यांसारखे वागू लागले की काय होतं, त्याचा नमुनाही इथलाच. शाहजादा खुर्रमने १६१७ आणि १६२१ अशा दोन मोहिमांत मलिक अंबरला नमवलं होतं. बापाविरुद्ध बंड करून फसल्यावर हाच खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, अंबरच्या आश्रयाला आला आणि दोघांच्या फौजांनी मिळून मोगलांच्याच बुऱ्हाणपुराला वेढा घातला. आतून राव रतन हाडाने शहर राखलं आणि वेढा फसला. अंबर स्वतः गुलाम म्हणून विकला गेलेला, तलवारीच्या जोरावर निजामशाहीचा कारभारी झालेला. त्याला या दोस्तीचं आयुष्य ठाऊक नसेल असं मानायला मी तयार नाही. पण शत्रूचा मुलगा दारात आला तर त्याला वापरायचं नाही, इतका चैनीचा विचार त्याला परवडणारा नव्हता.

अठराव्या शतकात या बाजारात नवा माल आला: कवायती पायदळ. फ्रेंच सेनापती बुसीच्या हाताखाली तयार झालेले गारदी आता ज्याच्याकडे रोकड त्याच्याकडे जाऊ लागले. इब्राहिमखान गारदी बुसीकडून निजामअलीकडे गेला आणि तिथून सुटल्यावर सदाशिवरावभाऊंकडे आला. १७६०च्या उदगीरच्या लढाईत त्याच्या तोफांनी जुन्या मालकाच्या घराण्यालाच हिसका दाखवला. त्या तहात बुऱ्हाणपूर आणि असीरगड मराठ्यांना मिळाले. मुजफ्फरखान हा दुसरा गारदी सरदार, निजामाकडून पेशव्यांकडे आलेला. भाऊंनी इब्राहिमखानाला जवळ केल्यावर आपलं दुकान बसणार हे त्याने ओळखलं आणि भाऊंवर मारेकरी घातला. कट फसला आणि मुजफ्फर मारला गेला. दोन भाडोत्र्यांमधल्या वैराचा एवढा स्वच्छ नमुना दुसरा शोधावा लागेल. रागाचं कारण धर्म, जात, प्रांत यांपैकी काहीच नव्हतं. ठेका दुसऱ्याला गेला होता.

आणि मग पानिपत. गारद्यांना रोख आणि वेळेवर पगार, शिलेदारांना मुलखाच्या वरातीवर विसंबायचं. शिवाय शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. घोडा मेला की घर बसलं. त्यामुळे तोफांच्या तोंडावर घोडा घालायला तो राजी नसे, आणि यात भेकडपणा नव्हता, हिशेब होता. होळकर, विंचूरकर यांना इब्राहिमखानाची गोलाची लढाई, म्हणजे फौजेचा बांधीव गोल करून लढणं, मुळातच पसंत नव्हती. १४ जानेवारी १७६१ला गोल फुटला त्याला अनेक कारणं होती, त्यांत हे एक. अंतराळकथांतला स्वतःच्या यानाचा मालक असलेला भाडोत्री हा खरा तर शिलेदार आहे. चांगले लेखक त्याला यानाची डागडुजी, इंधनाची उधारी, गोळी लागली तर भरपाई कोण देणार, असल्या विवंचना देतात. वाईट लेखकाचा नायक मात्र प्रत्येक लढाईत यान मोडतो आणि पुढच्या प्रकरणात नवं घेऊन येतो.

इब्राहिमखानाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हा आढावा एकांगी होईल. अब्दालीकडून त्याला धर्माची साद घालण्यात आली, तरी तो फुटला नाही. जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. भाडोत्री म्हणजे दगाबाज, हे समीकरण त्याच्यापुढे टिकत नाही. भाऊंनी त्याचा पगार शक्य तोवर दिला होता आणि त्याचा मानही राखला होता. बहुतेक मालकांना यातलं एकच जमतं, काहींना एकही नाही.

शिंद्यांच्या कंपूंची, म्हणजे कवायती पलटणींची, गोष्ट मराठी वाचकाला सर्वांत जवळची, आणि विज्ञानकथेला सर्वांत उपयोगी. महादजींनी १७८४मध्ये बेन्वा द बॉइन या सव्हॉयच्या माणसाला नोकरीत घेतलं. त्याने उत्तरेत पाटण, मेडता जिंकून दिलं. ते पाहून होळकरांनीही शव्हालिये दुद्रनेक नावाचा फ्रेंच ठेवला. शिंदे आणि होळकर दोघेही पेशव्यांचे सरदार, कागदावर एकाच दौलतीचे खांब. १ जून १७९३ला लाखेरीला त्यांच्याच कंपूंनी एकमेकांवर तोफा डागल्या आणि द बॉइनने दुद्रनेकच्या चारही पलटणी जवळजवळ संपवल्या. दुद्रनेक वाचला, त्याने पुन्हा पलटणी उभारल्या आणि काही वर्षांनी तो शिंद्यांच्याच चाकरीत गेला. लाखेरीत त्याच्या शिपायांना कापणाऱ्यांचा तो आता सहकारी होता.

१८०१च्या उन्हाळ्यात महादजींचे वारस दौलतराव शिंदे पुण्याहून निघून बुऱ्हाणपुरात तळ देऊन होते आणि माळव्यात यशवंतराव होळकर मोकाट फिरत होते. उज्जैन वाचवायला शिंद्यांनी पलटणी पुढे पाठवल्या, पण त्या सुट्या सुट्या. यशवंतरावांनी नेमकं तेच हेरलं. सातवासजवळ नर्मदेच्या बाजूला शिंद्यांकडच्या ब्राउनरिगने मोर्चे धरले आणि होळकरांकडच्या प्ल्युमे नावाच्या फ्रेंचाला परतवलं. उज्जैनजवळ मात्र जॉर्ज हेसिंगच्या पलटणी कापल्या गेल्या आणि तिथे युरोपीय अंमलदारांचा सडा पडला. ऑक्टोबरमध्ये इंदुरात शिंद्यांच्या सदरलंडने त्याची परतफेड केली. एका बाजूला फ्रेंच-डच-इंग्रज, दुसऱ्या बाजूलाही तेच. वर्षभरानंतर हडपसरला, पुण्याच्या वेशीवर, हाच खेळ झाला आणि तिथे यशवंतराव जिंकले.

या काळात उत्तरेत पेरॉन काय करत होता, हे या सगळ्या प्रकरणाचं मर्म आहे. द बॉइननंतर तो शिंद्यांच्या सर्व कंपूंचा सेनापती. अलीगढला बसून दुआबाचा वसूल तोच गोळा करी. दौलतरावांची पत्रांमागून पत्रं गेली, पण दक्षिणेत कुमक पाठवायला तो टाळाटाळ करत राहिला. पलटणी गेल्या तर दुआबातली आपली मिरास जाईल आणि जागा शिंद्यांचेच सरदार अंबाजी इंगळे घेतील, ही त्याची भीती. खुद्द त्याचा हाताखालचा बूर्क्यां त्याच्या जागेवर टपून होता. १८०३मध्ये इंग्रज आले तेव्हा पेरॉन सप्टेंबरमध्ये इंग्रज सेनापती लेकच्या स्वाधीन झाला आणि आपली दौलत शाबूत घेऊन गेला. बूर्क्यांनेही दिल्लीच्या पराभवानंतर तेच केलं. दोघांच्या वैरात शिंद्यांची उत्तरेतली फौज डोकं नसलेली उरली. तिच्यातल्या हिंदी शिपायांनी लासवारीला १ नोव्हेंबरला साहेबांशिवाय जी झुंज दिली, तिची तारीफ लेकनेही केली.

इंग्रजांनी या बाजाराचा भाव ओळखला होता. गव्हर्नर-जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढला: शिंद्यांकडचे जे युरोपीय आमच्याकडे येतील त्यांना पेन्शन मिळेल. बुऱ्हाणपूर पडलं तेव्हा कंपूतले सोळा अंमलदार आणि सार्जंट याच जाहीरनाम्याच्या भरवशावर स्टीव्हन्सनला येऊन मिळाले. होळकरांकडे उरलेल्यांचं नशीब वेगळं. व्हिकर्स, डॉड आणि रायन इंग्रजांशी लढायला नाही म्हणाले, तेव्हा यशवंतरावांनी १८०४मध्ये त्यांची मुंडकी उडवली. दोन मालक, दोन उपाय. पेन्शनचा उपाय स्वस्त पडला. त्याआधीच, १८०३च्या डिसेंबरच्या ३० तारखेला, सुर्जी-अंजनगावचा तह झाला. बुऱ्हाणपूर-असीरगड शिंद्यांना परत मिळाले, पण इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रांतले युरोपीय नोकरीत ठेवण्यावर बंदी आली. एका सहीने बाजाराचं एक अख्खं दालन बंद झालं.

पेंढाऱ्यांवर लिहायला निराळा लेख लागेल, कारण त्यांना पगारच नव्हता. लूट हाच पगार. चितू आणि करीमखान हे त्यांच्यातले दोन मोठे. चितूचं ठाणं नर्मदेकाठी नेमावर-सातवासच्या बाजूला, म्हणजे बुऱ्हाणपूरच्या डोक्यावरच. करीमला दौलतरावांनी कैद केलं होतं. कोट्याच्या जालिमसिंगाच्या मध्यस्थीने सहा लाखांवर तो सुटला आणि चितूशी दिलजमाई करून दसऱ्याला दोघांनी मोठा जमाव केला. सगळा माळवा धास्तावला. थोड्याच दिवसांत चितू शिंद्यांच्या जग्गू बापूला मिळाला आणि दोघांनी करीमवर घाला घातला. करीम अमीरखानाकडे पळाला. हाच अमीरखान पठाण पुढे १८१७मध्ये इंग्रजांशी करार करून टोंकचा नवाब झाला, ही नोंद चोराला राज्य कसं मिळतं याच्या अभ्यासकांनी करून ठेवावी.

शेवटचा अंक असीरगडाच्या पायथ्याशीच झाला. जून १८१८च्या आरंभी दुसरे बाजीराव गडाजवळ धूळकोटच्या बाजूला तळ देऊन इंग्रजांकडच्या माल्कमच्या स्वाधीन झाले. काही दिवसांतच त्यांच्या अरबांनी थकलेल्या पगारासाठी त्यांच्या तंबूला वेढा घातला. कालपर्यंतच्या पेशव्याला त्याच्याच चाकरांपासून सोडवायला इंग्रज सेनापतीला मध्ये पडावं लागलं. मराठ्यांच्या छावण्यांत पगारासाठी शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसत, ही जुनी रीत. इथे त्या धरण्याला धार आली इतकंच.

१८१९च्या फेब्रुवारीत पळून आलेले नागपूरचे आप्पासाहेब भोसले आणि चितू गडापाशी आले. किल्लेदार शिंद्यांचा यशवंतराव लाड. दार आप्पासाहेबांसाठी उघडलं, चितूसाठी नाही. एकटा पडलेला चितू सातपुड्याच्या जंगलात वाघाच्या तोंडी गेला. आप्पासाहेब वेश पालटून निसटले. डोव्हटन आणि माल्कम यांनी मार्चमध्ये गडाला वेढा घातला. वेढ्यात दौलतराव शिंदे अधिकृतपणे इंग्रजांचे दोस्त होते. ९ एप्रिलला गड पडल्यावर आत त्यांचंच पत्र सापडलं: गड देऊ नका. यावेळी मात्र शिबंदीतल्या अरब-मकरान्यांनी पैसे मोजून दार उघडलं नाही, ते लढले. तोफांनी तट पाडावे लागले. असीरगडाच्या इतिहासातला हा अपवाद आहे आणि तोही भाडोत्र्यांनीच घडवला.

आता पुन्हा विज्ञानकथेकडे. तिच्यातल्या जाणत्यांना ही थकबाकीची गोष्ट उमगलेली आहे. ड्रेकच्या विश्वात पृथ्वीवर एक हमी-संस्था आहे. मालकाने आधी तिच्याकडे रक्कम जमा करायची, पलटणीने करार पाळला तर तिने ती सोडायची, जो मोडेल त्याचा ठेका बंद. ‘बॅटलटेक’मध्येही असंच मंडळ आहे. पेशवाईत हे काम सावकाराची हमी करत असे. प्रतिस्पर्धी सरदार एका मोहिमेत येत तेव्हा त्यांना बांधणारा धागा शपथेचा नव्हता, पेढीचा होता. सावकार बुडाला किंवा घाबरला की युती त्याच दिवशी मोडे. वॅग्नर या रशियातल्या भाडोत्री फौजेने जून २०२३मध्ये रस्तोव्ह ताब्यात घेऊन मॉस्कोची वाट धरली, तेव्हाही मुळाशी भांडण होतं ते ठेका आणि फौज कोणाच्या अखत्यारीत राहणार याचंच.

सिनेमातल्या भाडोत्र्यांचं मला म्हणून हसू येतं. त्यांच्यात वैर आहे, विनोद आहे, उशिरा जागणारं मन आहे, पण दिवाणजी नाही. करारपत्र नाही, उचल नाही, जखमी सोबत्याचं काय करायचं याची चर्चा नाही. दोन स्पर्धकांची दोस्ती मोडायला तिथे नेहमी एखादा विश्वासघात लागतो. बुऱ्हाणपुरात त्यासाठी दोन वर्षांचा न आलेला पगार पुरे होत असे, आणि कोणी कोणाचा शत्रूही नसे.

मराठी विज्ञानकथेने या खाणीला अजून हातच लावलेला नाही. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये इतिहासाची दुसरी वाट दाखवली, तीही पानिपतावरून. पुढच्या मंडळींनी यंत्रमानव आणि ग्रहांवरच्या वसाहती लिहिल्या, पण पैशासाठी लढणाऱ्यांची छावणी माझ्या वाचनात मराठीत आलेली नाही. ज्या भाषेत शिलेदार, बारगीर, गारदी, पेंढारी, कंपू असे सगळे निरनिराळे करार माहीत होते, तिने हा विषय इंग्रजीकडून उसना घ्यावा याला आळस म्हणतात. नव्या लेखकांना एवढीच विनंती आहे: यानांची चित्रं काढण्याआधी एकदा असीरगड चढून या, माल्कमचं मध्य हिंदुस्थानवरचं पुस्तक वाचा आणि पेशवे दप्तरातले फौजेचे जमाखर्च उघडा. कथेतला पहिला प्रसंग लढाईचा नको, पगारवाटपाचा लिहा.